मध्ययुगीन इंग्लंडच्या भाषांवर मराठीतून क्लास, दादर : सहा रविवार करून आले, त्याबद्दल

आधी कामाची माहिती देते. दादर वेस्टला, स्टेशनपासून चालत 10 मिनिटं, जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. सहा रविवार, सकाळी 10 ते 1, फी 2,400 आणि चहा त्यातच. रविवार असल्याने मेगाब्लॉक बघूनच घरातून निघा, माझी पहिल्याच दिवशी 20 मिनिटं कुर्ल्याला गेली.

मी फोर्टात एका सॉलिसिटरच्या ऑफिसात 19 वर्षं ड्राफ्टिंगचं काम करते. शाळा मराठी मीडियमची, रोजचं लिखाण इंग्रजीत, आणि त्या इंग्रजीतले निम्मे शब्द असे की ते का वापरतो हे कोणालाच माहीत नसतं, जुन्या ड्राफ्टवरून नवीन ड्राफ्ट करायचा एवढंच. म्हणून जेव्हा कळलं की 1066 नंतरच्या तीनचारशे वर्षांत इंग्लंडमध्ये लोक कुठल्या कुठल्या भाषा बोलत-लिहीत होते यावर क्लास आहे आणि तोही मराठीतून, तेव्हा मी त्याच दिवशी पैसे भरले. शिकवणाऱ्या मॅडम रिटायर्ड प्रोफेसर आहेत. त्या बोर्डवर जुनं फ्रेंच लिहितात आणि समजावतात मात्र अस्सल घरगुती मराठीत.

पहिला रविवार पायाभरणीचा. 1066 ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकतो, त्याच्यासोबत फ्रेंच बोलणारे सरदार येतात, 1086 ला अख्ख्या राज्यातल्या जमिनीची जी नोंद होते, डूम्सडे बुक, ती लॅटिनमध्ये. म्हणजे चर्च आणि दप्तर लॅटिनचं, दरबार फ्रेंचचा, शेत आणि चूल इंग्रजीची. मॅडमनी हे बोर्डवर मांडलं आणि लगेच म्हणाल्या की आता हे पुसा डोक्यातून, कारण माणसं अशी कप्प्यात राहत नाहीत. सरदारांची पोरं दाईकडून इंग्रजी शिकतात आणि दोनचार पिढ्यांत फ्रेंच त्यांनाच शिकवायची वेळ येते. त्याचा पुरावा म्हणून त्यांनी वॉल्टर ऑफ बिब्सवर्थ दाखवला, तेराव्या शतकातला माणूस, एका सरदारीणबाईसाठी त्याने फ्रेंच कवितेत शब्दांची वही लिहिली, तिच्या मुलांना फ्रेंच यावं म्हणून, आणि ओळींच्या मध्ये इंग्रजी अर्थ टाकलेत. त्यात ओठ, ससा, पौंड आणि पुस्तक या चार शब्दांची गंमत आहे, फ्रेंचमध्ये चारही जवळजवळ सारखेच ऐकू येतात, आधी पुल्लिंगी ‘ल’ आहे की स्त्रीलिंगी ‘ला’ आणि शब्दातला स्वर ‘ए’ की ‘ई’, एवढ्यावर अर्थ फिरतो. सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणून घेतलं. आपल्याकडे ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ यातला फरक अमराठी माणसाला समजावताना जी तारांबळ होते ना, अगदी तीच. सातशे वर्षांपूर्वीची ती मुलं एकदम शेजारची वाटायला लागली.

तिसरा रविवार कोर्टकचेरीचा आणि माझ्यासाठी पूर्ण फी तिथेच वसूल झाली. मॉर्टगेज हा शब्द मी हजारो वेळा टाइप केलाय, त्यात ‘मॉर्ट’ म्हणजे मेलेलं आणि ‘गेज’ म्हणजे तारण, मेलेलं तारण, हे मला 19 वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पंधराव्या शतकातल्या लिटलटन या इंग्लिश कायदेपंडिताने कारणही दिलंय, कर्ज फेडलं नाही तर जमीन कर्जदाराला मेली, फेडलं तर सावकाराला मेली. ‘विल अँड टेस्टामेंट’मध्ये विल जुनं इंग्रजी आणि टेस्टामेंट लॅटिनवरून आलेलं. ‘गुड्स अँड चॅटल्स’मध्ये, म्हणजे चीजवस्तूंमध्ये, गुड्स इंग्रजी, चॅटल्स फ्रेंच. दोन भाषांचे लोक एकाच कागदाला बांधायचे असले की अशा जोड्या हाताशी लागतात. तेव्हा मागच्या बाकावरच्या गिरगावच्या काकू पटकन म्हणाल्या, मग आपलं ‘कागदपत्र’ काय वेगळं आहे, कागद फारसीतून आणि पत्र संस्कृत! मग अख्खा वर्ग सुटला, धनदौलत, मानमरातब, बाजारहाट, सगळ्यात एक पाय इकडे आणि एक तिकडे. मॅडमनी 15 मिनिटं हेच चालू दिलं, घड्याळाकडे बघितलं नाही, आणि मला त्यांचं हे फार आवडलं.

त्याच दिवशी 1362 चा कायदा शिकवून झाला. लोकांना फ्रेंच कळत नाही, आपल्या बाजूने काय बोललं जातंय आणि विरोधात काय ते समजत नाही, म्हणून कोर्टात तोंडी कामकाज इंग्रजीत करा आणि नोंद लॅटिनमध्ये ठेवा असा तो कायदा, आणि तो स्वतः लिहिलाय फ्रेंचमध्ये! तरी वकिलांची फ्रेंच पुढे शतकानुशतकं सुटली नाही, शेवटी 1731 मध्ये पार्लमेंटने कोर्टाच्या कागदांतून लॅटिन आणि फ्रेंच दोन्ही काढायचा कायदा केला, तो 1733 पासून लागू झाला. 1631 मधला सॉल्सबरीचा एक रिपोर्ट आम्ही वाचला, शिक्षा झालेल्या आरोपीने जजवर विटेचा तुकडा फेकला त्याचा, वाक्य फ्रेंचचं पण वीट आली तिथे सरळ ‘ब्रिकबॅट’ आणि नेम हुकला तिथे ‘नॅरोली मिस्ट’. आमच्या ऑफिसात रोज चालतं ते ‘मॅटर बोर्डावर होतं पण रीच झालं नाही’, म्हणजे केस यादीत होती पण तिचा नंबरच लागला नाही, ते काय दुसरं आहे. आणि हायकोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये पक्षकार आजही विचारतात, साहेब आत काय म्हणाले हो? 1362 च्या त्या कायद्यामागचं दुखणं मी दर आठवड्याला डोळ्यांनी बघते.

चौथ्या रविवारबद्दल मात्र तक्रार आहे. मॅडमना बरं नव्हतं म्हणून दुसरे सर आले आणि त्यांनी इंग्रजी स्लाइड्स नुसत्या वाचून दाखवल्या. गोठ्यातली गाय इंग्रजी आणि ताटातलं बीफ फ्रेंच, या एकाच उदाहरणावर तासभर. खरं तर ‘बीव्ह्ज’ म्हणून तोच फ्रेंच शब्द जिवंत बैलांनाही लावत असत, त्यामुळे वाटणी एवढी सरळ नाहीये. हे आम्ही विचारलं तर पुढची स्लाइड आली. पैसे घेतलेत तर अशा वेळी तो रविवार पुढे ढकलावा, आयोजकांना फीडबॅक फॉर्ममध्ये हेच लिहिलंय.

पाचवा रविवार साहित्याचा. मारी द फ्रान्स ही बाराव्या शतकातली कवयित्री, तिची नाइटिंगेल पक्ष्याची एक गोष्ट आहे आणि सुरुवातीलाच ती त्या पक्ष्याची तीन नावं देते, ब्रेटन (फ्रान्सच्या ब्रिटनी भागातली भाषा), फ्रेंच आणि इंग्रजी, म्हणजे ऐकणारे तिन्ही प्रकारचे असणार हे तिने धरलेलंच आहे. चौदाव्या शतकातला कवी जॉन गॉवर याने एक मोठं पुस्तक फ्रेंचमध्ये लिहिलं, एक लॅटिनमध्ये, एक इंग्रजीत, आणि लंडनमधल्या सदर्कच्या चर्चमध्ये त्याच्या थडग्यावरच्या पुतळ्याचं डोकं त्या तीन पुस्तकांवर टेकलेलं आहे. त्याच काळातला प्रसिद्ध इंग्रजी कवी चॉसर भरभर झाला, तो मॅडमच्या मते सगळीकडे मिळतो आणि मलाही ते पटलं.

पण माझ्या मनात घर केलं ते हार्ली 2253 या हस्तलिखिताने. साधारण 1340 चं, वेल्सच्या सीमेजवळच्या लुडलो भागातलं, आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. एकाच वहीत इंग्रजी प्रेमगीतं, फ्रेंच गोष्टी, लॅटिन प्रार्थना. त्यात एक विद्यार्थ्याची प्रेमकविता आहे जी लॅटिन आणि फ्रेंचमध्ये चालते, शेवटच्या कडव्यात पोरगा लॅटिनमध्ये सांगतो की ही गाणी मी पाटीवर लिहिली, फ्रेंचमध्ये सांगतो की माझी खोली पॅरिसच्या मध्यात आहे, आणि मग तिच्यासाठी जीव गेला तर वाईट होईल हे सांगायची वेळ येते तेव्हा एकदम इंग्रजी! वर्गात कोणी काही बोललं नाही दोन मिनिटं. ही वही ज्याने लिहिली त्याचं नाव माहीत नाही, पण त्याच हस्ताक्षरातले 1314 ते 1349 मधले 41 दस्त सापडलेत. म्हणजे तो दस्त लिहिणारा होता. माझ्याच धंद्यातला माणूस, दिवसभर जमिनीचे कागद करणारा, आणि ही गाणी त्याच्यामुळे आपल्यापर्यंत आली. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

शाळेचा भागही सांगायला हवा, कारण त्यावर सर्वात जास्त वाद झाला. 1348-49 च्या प्लेगच्या आधी मुलांना शाळेत लॅटिन फ्रेंचमधून शिकवत, ती पद्धत प्लेगनंतर बदलत गेली आणि ट्रेव्हिसा नावाचा अनुवादक 1385 ला लिहितो की आता सगळ्या ग्रामर स्कूल्समध्ये इंग्रजीतून शिकवतात, मुलं व्याकरण लवकर शिकतात, पण फ्रेंच त्यांना त्यांच्या डाव्या टाचेला येतं तेवढंच येतं. म्युनिसिपल शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी ते वाक्य वहीत दोनदा लिहून घेतलं. मीडियमचा वाद इतका जुना आहे आणि तेव्हा ‘आपली भाषा’ म्हणजे इंग्रजी होती, हे ऐकून घरी जाऊन मी मुलीशी तासभर बोलत बसले.

बाकी : झेरॉक्स नोट्स फिक्या आणि अक्षर बारीक, जुन्या शब्दांचे उच्चार देवनागरीत द्यायला हवे होते, दिले नाहीत. पुढच्या बॅचला सांगते की अँग्लो-नॉर्मन डिक्शनरी, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या जुन्या फ्रेंचचा कोश, इंटरनेटवर फुकट आहे, ती मोबाइलवर उघडून बसा, खूप फरक पडतो. इंग्रजी साहित्य आधी वाचलेलं असायची अजिबात गरज नाही, कोर्टात, बँकेत, शाळेत, भाषांतरात काम करणाऱ्यांनी तर जावंच. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या चौथ्या रविवारचा.

शेवटच्या दिवशी घरातला एकेक जुना कागद आणायला सांगितला होता. मी आजोबांच्या कोकणातल्या जमिनीचं मोडीतलं खरेदीखत नेलं. मॅडमनी ते अख्खं मोठ्याने वाचलं, आजोबांच्या नावापुढे ‘बिन’, म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि मग पणजोबांचं नाव, खाली मौजे, साल मजकूर, रोख, हक्क, अधूनमधून देवाचं नाव, आणि वर कोपऱ्यात इंग्रजी शिक्का. मग त्यांनी कागद काकूंकडे दिला आणि प्रत्येकाने पेन्सिलीने वहीत आपापली यादी केली, कुठला शब्द कुठून आला त्याची. माझ्या यादीत 34 शब्द झाले आणि त्यातल्या सहांवर अजून आमच्या ग्रुपवर भांडण चालू आहे.