प्रेअरी डॉगसाठी .१७ एचएमआर की .२२ मॅग्नम?

अमेरिकेतल्या साउथ डकोटाच्या कुरणात १५० यार्डांवरचा प्रेअरी डॉग (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला छोटा प्राणी) टिपायचा, तर या दोनांपैकी काडतूस कोणतं? (नावातला आकडा म्हणजे गोळीचा साधारण व्यास, इंचांत.) खोक्यावरचे दावे सोडा, गोळीचा मार्ग बघा. १९५९ च्या .२२ मॅग्नमची गोळी ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम), वेग सेकंदाला साधारण १,९०० फूट. त्याच्याच पितळी कवचाची मान आवळून २००२ मध्ये .१७ एचएमआर आलं: १७ ग्रेन, २,५५० फूट. १०० यार्डांवर बंदुकीची दुर्बीण जुळवली तर १५० ला .१७ तीनेक इंच खाली जाते, मॅग्नम जवळपास दुप्पट. वाऱ्यातही .१७ कमी सरकते, हे विशेष. मात्र तिची बारीक नळी साफ करायला सळईही बारीकच लागते.

निव्वळ लांबचे छोटे प्राणी असतील तर .१७ च घ्या. कोल्हाही टिपायचा असेल, तर जवळून मॅग्नम.