स्लीपिंग ब्यूटी की पिगीबॅक? निघून जाताना मागे काय उरतं ते बघा

सस्तन प्राण्यांच्या पेशींत ट्रान्सपोझॉन (जीनोममध्ये एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणारे डीएनएचे तुकडे) वापरून म्युटाजेनेसिस स्क्रीन (अनेक जनुकं सरसकट मोडून कशाने काय बदलतं ते पाहणं) करायची म्हटलं की निवड बहुतेक वेळा स्लीपिंग ब्यूटी आणि पिगीबॅक या दोघांमध्येच होते. मी दोन्ही वापरले आहेत आणि माझा कल आता एका बाजूला आहे, तरी दुसऱ्याचंही थोडं सांगतो.

स्लीपिंग ब्यूटीबद्दल मला मनापासून आदर आहे. साल्मनच्या कुळातल्या माशांच्या जीनोममध्ये लाखो वर्षं निकामी पडलेल्या तुकड्यांवरून मूळ रूप जुळवून १९९७ मध्ये तो पुन्हा चालता केला गेला. २००९ मध्ये एसबी१००एक्स ही त्याच्या ट्रान्सपोझेजची (त्याला उचलून हलवणाऱ्या एन्झाइमची) जोरदार आवृत्ती आल्यावर तो कमी उड्या मारतो ही तक्रारही फारशी उरली नाही. डीएनएत टीए ही दोन अक्षरं दिसतील तिथे बसतो, जनुकांकडे खास ओढा नाही. पिगीबॅक मूळचा पतंगाचा. त्याला टीटीएए ही चार अक्षरं लागतात, आणि चालू जनुकांच्या सुरुवातीच्या भागाकडे तो झुकतो. मोठा डीएनए वाहून नेण्यात मात्र तो सरस.

माझा निर्णय या फरकांवर झाला नाही. हॅप्लॉइड (प्रत्येक जनुकाची एकच प्रत असलेल्या) पेशींच्या एका स्क्रीनमध्ये औषधाला दाद न देणारा छान क्लोन (एकाच पेशीपासून वाढलेला गट) मिळाला होता, त्यात स्लीपिंग ब्यूटी थेट एका जनुकाच्या एक्झॉनमध्ये (प्रथिनाची माहिती असलेल्या भागात) बसलेला. दोष त्याच जनुकाचा, हे दाखवायचं तर ट्रान्सपोझॉन काढायचा आणि पेशी पुन्हा औषधाने मरतात का ते पाहायचं. ट्रान्सपोझेज दिला. ट्रान्सपोझॉन निघाल्याचं पीसीआरमध्ये स्वच्छ दिसलं. पेशी मात्र औषधात वाढतच राहिल्या. कुठेतरी दुसरं म्युटेशन असणार असं धरून मी सहा आठवडे त्याच्या मागे घालवले. शेवटी ती जागा सिक्वेन्स केली (अक्षरं वाचून काढली), तर मूळच्या टीएच्या जागी टीएसीएजीटीए. पाच अक्षरं जास्त. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं आणि पाचाला तिनाने भाग जात नाही, त्यामुळे वाचनाची फ्रेम सरकलेली आणि ट्रान्सपोझॉन गेल्यावरही जनुक मोडलेलंच.

पिगीबॅक निघतो तेव्हा टीटीएए जसं होतं तसंच राहतं. पुढच्या स्क्रीनमध्ये त्याचे क्लोन उलटवले (ट्रान्सपोझॉन काढून टाकला) आणि पेशी पहिल्याच खेपेला औषधाने मेल्या. २००९ मध्ये आयपीएस पेशी (साध्या पेशींपासून बनवलेल्या मूळपेशी) बनवून झाल्यावर त्यासाठी घातलेली रिप्रोग्रॅमिंगची जनुकं मागमूस न ठेवता काढता आली, तीही याच गुणामुळे. एक काळजी घ्यावी लागते: निघालेला पिगीबॅक दुसरीकडे जाऊन बसू शकतो. त्यासाठी फक्त बाहेर काढणारा, पुन्हा न बसवणारा ट्रान्सपोझेज वापरलेला बरा.

अर्थात तुमचा जीन ट्रॅप (जनुक अडवणारा ट्रान्सपोझॉन) इंट्रॉनमध्येच (प्रथिनाची माहिती नसलेल्या भागात) बसणार असेल तर ही पाच अक्षरं बहुधा स्प्लायसिंगमध्ये (आरएनएतून इंट्रॉन कापले जाताना) निघून जातील, आणि मग माझी तक्रार तुम्हाला लागू नाही. उपचारासाठी पेशी बनवणाऱ्यांनी तर मी सांगतो त्यापेक्षा जास्त सावध राहावं. पिगीबॅकने बनवलेल्या सीएआर-टी पेशींच्या (कर्करोगावर हल्ला करायला बदललेल्या रोगप्रतिकारक पेशींच्या) एका ऑस्ट्रेलियन चाचणीत १० पैकी २ रुग्णांना त्याच पेशींचा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे स्लीपिंग ब्यूटीचं जवळपास कुठेही बसणं मला जास्त आश्वासक वाटतं.

क्लोन उलटवून दाखवायचा असेल तर मात्र मी पिगीबॅकच घेतो. स्लीपिंग ब्यूटीचे प्लास्मिड फ्रीजरमध्ये आहेतच. पिगीबॅक ज्या जनुकांकडे फिरकत नाही, ती तपासायला दुसरी फेरी त्यांचीच करतो.