क्यूसीटूल्स: मर्यादा तपासणारे, पण गॅमट न तपासणारे साधन

व्हिडिओ फाइलच्या तांत्रिक तपासणीसाठी मी क्यूसीटूल्स हे मोफत, मुक्तस्रोत साधन नियमित वापरतो आणि लांबलचक फाइल चाळायची असेल तेव्हा ते फारच सोयीचे पडते. प्रत्येक फ्रेमच्या ल्युमा (उजळपणा), क्रोमा (रंगाची माहिती) आणि संपृक्ततेची (रंगाच्या तीव्रतेची) मोजमापे आलेखावर उमटत असल्यामुळे, जिथे रेघ एकदम उसळलेली दिसेल नेमक्या त्याच फ्रेमवर जाता येते, आणि तासाभराचे चित्रीकरण डोळ्यांत तेल घालून पाहावे लागत नाही.

त्यातला ‘ब्रॉडकास्ट रेंज’ हा आलेख मात्र जपून वाचावा. 8 बिटांच्या मोजणीत ल्युमा 16 ते 235 आणि दोन्ही क्रोमा (सीबी आणि सीआर) 16 ते 240 यांच्या आत आहेत की नाहीत, एवढेच तो पाहतो. गॅमटची, म्हणजे दाखवता येण्याजोग्या रंगांच्या कक्षेबाहेर जाण्याची, चूक मात्र या तिघांच्या मेळातून होते. समजा, एका पिक्सेलचा ल्युमा 210, सीबी 90 आणि सीआर 200 आहे. तिन्ही आकडे आपापल्या मर्यादेत असल्याने आलेख त्याची दखल घेत नाही, पण एचडी व्हिडिओच्या बीटी.709 या मानकाच्या सूत्राने आरजीबी (लाल, हिरवा, निळा) काढले तर लाल घटक सुमारे 139 टक्क्यांवर जातो. युरोपीय प्रसारण संघाची आर 103 ही शिफारस आरजीबीला उणे 5 ते 105 टक्के एवढीच मुभा देते. पडद्यावर हा वाढीव लाल छाटला जातो, हिरवा आणि निळा तसेच राहतात, म्हणून छटाच बदलते आणि भडक रंगाच्या कापडाची वीण सपाट होऊन जाते.

रंगछटा आणि संपृक्तता दाखवणारा व्हेक्टरस्कोपही इथे पुरत नाही, कारण त्यात ल्युमा दिसत नाही. मध्यम उजेडात चालणारी संपृक्तता उजळ भागात चालेलच असे नाही. त्यासाठी दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमधली आरजीबी परेड (तिन्ही घटकांचे शेजारी-शेजारी आलेख) किंवा टेक्ट्रॉनिक्सच्या उपकरणांतला डायमंड डिस्प्ले (आरजीबीची मर्यादा हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीने दाखवणारा आलेख) हवा. डायमंड मला अधिक आवडतो, कारण रेषा चौकटीच्या कोणत्या बाजूने बाहेर पडली यावरून दोषी घटक ओळखता येतो. कडांवरच्या बारीक उसळ्यांनी मात्र घाबरून जाऊ नये. चित्राच्या 1 टक्क्यापेक्षा कमी भागातली चूक आर 103 दुर्लक्षणीय मानते.

त्यामुळे फाइल चाळायला क्यूसीटूल्स जरूर घ्यावे, पण शीर्षकपट्ट्या आणि ग्रेडिंगमध्ये रंग चढवलेली दृश्ये परेडवर पाहिल्याशिवाय प्रसारणासाठी देऊ नयेत.