सायलेन्सर चमकवून देतो म्हणाला आणि माझा ३०४ चा पाइप खराब करून दिला

१४,०४९ रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण लाजेपोटी मी तो कमी करून सांगत आलो आहे. घरीसुद्धा पहिल्या दिवशी "सहा-सात हजार गेले" एवढंच म्हणालो होतो.

लाज यासाठी जास्त वाटते की मी नागपूरच्या इतवारीत स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात चौदा वर्षं काम करतो. गिऱ्हाइकाला रोज सांगतो की ताई, रिकामी कढई गॅसवर राहिली म्हणून निळी-जांभळी झाली आहे, खराब झालेली नाही, व्हिनेगर नाहीतर लिंबू लावा, जाईल. आणि मीच स्टीलच्या पाइपासाठी फसलो.

गाडी बाबांची आहे, पेट्रोल. त्यांच्या मागे मीच सांभाळतो. २०२१ मध्ये जुना सायलेन्सर गंजून त्याला भोकं पडली, तेव्हा हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून ११,२०० रुपयांत ३०४ चा पूर्ण पाइप बनवून घेतला. ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार, साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. मुद्दाम चांगला माल घेतला, की पुन्हा गाडीखाली बघायला लागू नये. चार वर्षांत पुढचा भाग निळा-जांभळा झाला, मधला गवती पिवळा आणि मागचं तोंड काजळीनं काळं. हे गंजणं नसतं. उष्णतेनं स्टीलवरचा ऑक्साइडचा पापुद्रा जाड होतो, त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. साधारण ३०० अंशांच्या आसपास पिवळट, ५००-६०० कडे निळा. पाइपाला फारसं काही होत नाही, दिसायला वाईट दिसतं, बस.

पण भाचीचं साक्षगंध अमरावतीला होतं. नवीन सोयरे, गाडी मंगल कार्यालयाच्या दारात उभी राहणार. म्हटलं एकदा चकचकीत करून घेऊ. मोबाइलवर एकाचा व्हिडिओ आला, रिंग रोडवरचं दुकान. डावीकडे काळा पाइप, उजवीकडे आरसा. दर २,४९९. "आज बुकिंग केलं तरच." १,००० रुपये लगेच फोनवरून पाठवले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, असल्या लोकांची पद्धत सगळीकडे एकच. गाडी जॅकवर चढली, पाइप खाली उतरला, आणि मग फोन: "भाऊ, बोल्ट गंजले होते, तुटले. गॅस्केट पण गेलं. १,८५० लागून राहिले." पाइप त्याच्या हातात, गाडी त्याच्या दारात. नाही कसं म्हणणार? तासाभरानं: "नुसत्या बफिंगनं हे डाग जात नाहीत, इम्पोर्टेड ॲसिड बाथ द्यावा लागते, ३,२००." संध्याकाळी: "दोन वर्षांची गॅरंटीवाली कोटिंग मारून देतो, ६,५००, मग रंग येणारच नाही." प्रत्येक वेळी मी दुकानात गिऱ्हाइकासमोर उभा होतो, प्रत्येक वेळी हो म्हटलं. २,४९९ अधिक १,८५० अधिक ३,२०० अधिक ६,५००. करा बेरीज.

कोणी म्हणेल एवढं कळत नव्हतं का. भांडी मला कळतात. गाडीखालच्या पाइपाचं काम मी आयुष्यात कधी करून घेतलं नव्हतं. आणि साक्षगंध परवावर आलं होतं, गाडी अर्धी उघडून ठेवलेली.

आता तो क्षण, जो रोज रात्री आठवतो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला गाडी घ्यायला गेलो. ट्यूबलाइटखाली पाइप चांदीसारखा दिसत होता. मी वाकून मागच्या तोंडाला बोट लावलं. बोटाच्या पेराला चंदेरी लागलं. ठसा उमटेल इतकं. आणि थिनरचा वास, घर रंगवायला काढल्यावर येतो तसाच. मी विचारलं, हे काय? त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं माझंच बोट पुसून दिलं. "कंपाउंडची पावडर हाय भाऊ, टेन्शन नका घेऊ." वर म्हणाला, चोवीस तास गाडी जास्त गरम करू नका, कोटिंग सेट होऊ द्या.

भांड्यांच्या धंद्यात चौदा वर्षं. पॉलिश केलेल्या स्टीलवरून बोटाला चांदी लागत नाही. कधीच नाही. बफिंगचा साबण राहिला असेल तर बोट हिरवं नाहीतर काळं होईल. हे मला माहीत होतं आणि मी तिथं गप्प बसलो. भिंतीजवळ निळ्या झाकणाची बाटली होती, संडास-फरशी धुवायच्या ॲसिडची, अर्धी रिकामी. तीही पाहिली होती. मनाला सांगितलं, फरशीसाठी असेल. फरशीवर तर बोटभर ऑइल साचलं होतं, ती कोण धुतं?

पैसे दिले, बिल खिशात घातलं, घरी आलो.

रविवारी अमरावतीला गेलो, दीडशे किलोमीटर. कोंढाळीच्या पुढेच जळका वास यायला लागला. कार्यालयाच्या दारात उतरलो तर मुलाचे काका म्हणाले, "भाऊ, गाडीतून काही जळून राहिलं का?" चार माणसं खाली वाकून बघायला लागली. पाइपावर फोड आले होते, पापुद्रे सुटून लोंबत होते, तोंडाकडचा भाग तपकिरी. ज्या लोकांसमोर नीटनेटकं दिसावं म्हणून हा सगळा खर्च केला, त्याच लोकांनी ते वाकून पाहिलं. ताईचा चेहरा मला अजून दिसतो.

साधा चंदेरी स्प्रे होता. बाजारात डबा मिळतो तो. दोन आठवड्यांत रंग निघाला तिथं नारिंगी गंज चढला. ३०४ वर! हिंगण्याच्या त्याच फॅब्रिकेटरकडे गेलो. त्यानं नखानं पापुद्रा काढला आणि टॉर्च लावून दाखवलं: सुईनं टोचल्यासारखी बारीक छिद्रं, शेकडो. फरशीच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक असतं. त्यातलं क्लोराइड स्टीलवरचा क्रोमियमचा रक्षक थर तोडतं आणि तिथून आत खड्डा पडत जातो. स्टीलला हे ॲसिड लावायचंच नसतं. वेल्डिंगचे डाग काढायची खरी पिकलिंग पेस्ट वेगळी, तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक असतं. तीसुद्धा रस्त्यावरच्या दुकानात उघड्या हातानं वापरायची वस्तू नाही, हायड्रोफ्लोरिक कातडीतून आत उतरतं. कोणी "ॲसिड मारतो" म्हणालं तर पाइप उतरवूच देऊ नका.

मागचा भाग वाचला नाही, नवा बनवायला ७,६००. पुढचा वाचला, त्याच्या बफिंगचे १,८००. म्हणजे एकूण २३,४४९ गेले. हे काम मात्र मी समोर बसून पाहिलं, तीन तास. आधी साबणाच्या पाण्यानं आणि थिनरनं तेलकटपणा काढला. मग पाण्याचा पेपर, ४००, ६००, ८००, १२००, प्रत्येक वेळी आधीच्या रेघा जाईपर्यंत. मग काथ्याचं चाक, मग कापडाचं चाक आणि हिरवा साबण. एक पोरगा लोखंडी तारेचा ब्रश घेऊन आला तर मिस्त्री त्याच्यावर ओरडला: लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि तेच आधी गंजतात. शेवटी त्यानं स्वतःहून सांगितलं, इंजिनजवळचा भाग पुन्हा पिवळा-निळा होणारच, गरम होतो ना, कोणतंही पॉलिश ते थांबवत नाही. जो माणूस "रंग परत येणारच नाही" असं सांगतो तो तिथंच पकडला गेला असं समजा.

आणि चुंबकावर विसंबू नका. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, तसं स्वस्त २०२ जातीच्या स्टीललाही चिकटत नाही, आणि वाकवलेल्या जागी ३०४ ही थोडं ओढतं. पाइप उतरवायच्या आधी वेल्डिंगच्या जोडाचा जवळून फोटो काढा, आतल्या बाजूला खूण करा, म्हणजे अदलाबदल झाली तर कळेल.

आता तक्रारीचं. दुकानदारानं फोनवर सांगितलं, "तुम्ही चोवीस तास थांबले नाही." शुक्रवार ते रविवार किती तास होतात हे त्यानंच मोजून सांगावं. पोलिसांकडे गेलो. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी हवालदारानं बिल उलटसुलट करून पाहिलं: "पॉलिश केलं ना त्यानं? बिल दिलं ना? मग फसवणूक कुठं झाली? हा दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, रंग मारून पॉलिशचे पैसे घेतले, बनावट गॅरंटी दिली, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम बघा. १ जुलै २०२४ पासून ४२० च्या जागी तेच आहे. तर मला म्हणे, वकील आहात का? तिसऱ्या दिवशी कळलं की दुकान रस्त्याच्या पलीकडे आहे, हद्द दुसरी. दुसऱ्या ठाण्यानं सांगितलं, पैसे फोनवरून गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः स्कॅन केलं, चोरी कुठं आहे? चार वेळा अर्ध्या दिवसाची रजा, चारही वेळा पगार कापला. तक्रारीच्या सरकारी फोनसेवेवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, तीन आठवड्यांनी संदेश आला की तक्रारीचं निराकरण झालं आहे. कोणी केलं? मला एक रुपया नाही, एक फोन नाही. मी कर भरतो, मी कागद घेऊन उभा आहे, पाइप पिशवीत घालून आणला आहे, आणि एकाही माणसानं पिशवीत डोकावून पाहिलं नाही. एकानंही नाही.

बिलाकडे मी स्वतः फार उशिरा नीट पाहिलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. माझ्या बिलावर १३ च होते. तेव्हाच मोजले असते तर! पैसे द्यायच्या आधी मोजा, दहा सेकंद लागतात. आणि शेवटचे पैसे द्यायच्या आधी गाडी वीस मिनिटं नीट गरम करा, त्याच्यासमोर. नाही म्हणाला तर तेच उत्तर.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे. एवढंसुद्धा मला कोणत्याही ठाण्यात कोणी सांगितलं नाही, दुकानात येणाऱ्या एका मॅडमनी सांगितलं. जुना पाइप बाल्कनीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला आहे, घरच्यांनी दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढला, दिला नाही. नागपुरात तुमच्याकडेही १३ अक्षरी क्रमांकाचं असं बिल असेल, सायलेन्सरचं असो की अलॉय व्हीलचं, तर फाडू नका, पार्ट फेकू नका, आणि मला कळवा. माझी पुढची तारीख पडायच्या आत दोन-तीन बिलं जोडता आली तर बरं होईल.