सिव्हीसीआरएम: वर्षभराच्या वापरानंतर, एका छोट्या संस्थेच्या नजरेतून

सिव्हीसीआरएम घ्यावं का, असं दुसऱ्या संस्थांतले लोक विचारतात तेव्हा मी उलट एकच प्रश्न करते: नोंदी करणार कोण, आणि त्यांच्या हाताशी वेळ किती असतो? सर्व्हर कुठला, वेबसाइट वर्डप्रेसवर की ड्रुपलवर, देणग्यांचे प्रकार कसे पाडायचे, हे सगळं त्यानंतरचं. आमच्याकडे हे सॉफ्टवेअर आता वर्षभराहून जास्त काळ रोजच्या वापरात आहे. पण सुरुवातीचे बरेच महिने ते फक्त आम्हा दोघा-तिघांचं होतं. कार्यकर्ते त्याच्याकडे फिरकत नव्हते. पुढे ते का वापरू लागले, हे मला सगळ्यात सांगण्यासारखं वाटतं. पण आधी पायापासून.

ज्यांनी नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: सिव्हीसीआरएम हे संस्थेशी जोडलेली माणसं, देणग्या आणि कार्यक्रम यांच्या नोंदी ठेवणारं, २००५ पासून चालू असलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, एजीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली. पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हा डेटाबेस यांवर चालतं. वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला किंवा बॅकड्रॉपच्या आत बसतं, आणि आता स्वतंत्रपणेही बसवता येतं. वापरणाऱ्यांच्या संख्येवर फी नाही, यादीत किती नावं आहेत यावरही नाही. ते मुळात ना-नफा संस्थांसाठीच लिहिलेलं असल्यामुळे विक्रीची भाषा त्यात कुठे डोकावत नाही. ग्राहक, सौदा, टार्गेट यांच्याऐवजी देणगी, सभासदत्व, कार्यक्रम, केस, मोहीम असे विभाग. विक्रीसाठी बनलेलं एखादं सीआरएम (ग्राहकांशी संबंध सांभाळायचं सॉफ्टवेअर) वाकवून देणगीदारांना लावायचा प्रयत्न ज्यांनी केलाय, त्यांना याचं मोल लगेच कळेल.

आधीची अवस्था बहुतेक संस्थांसारखीच. खजिनदारांची एक एक्सेल शीट, कार्यक्रमांच्या हजेरीची दुसरी, वार्षिक अंकाच्या पत्त्यांची तिसरी आणि उरलेलं सगळं कार्यकर्त्यांच्या फोनमध्ये. कुणी काम सोडलं की त्याने जोडलेली माणसंही त्याच्याबरोबर जायची.

सिव्हीची मांडणी मला खरी आवडली ती नात्यांच्या बाबतीत. संपर्क तीन प्रकारचे: व्यक्ती, कुटुंब, संस्था. त्यांच्यामधलं नातं ही वेगळी नोंद असते, आणि ती दोन्ही बाजूंनी वाचता येते. एका बाजूने 'कर्मचारी', दुसऱ्या बाजूने 'नोकरी देणारी संस्था'. नात्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख देता येते. हे कागदावर क्षुल्लक वाटतं. पण एक बाई स्वतः दरवर्षी देणगी देतात, त्या ज्या शाळेत शिकवतात ती शाळा कार्यक्रमाला सभागृह देते आणि त्यांचा मुलगा शिबिरात स्वयंसेवक असतो, हे एक्सेलच्या एका ओळीत कसं मांडणार? इथे तीन-चार नोंदी आणि त्यांच्यातली नाती, एवढंच. बाईंनी शाळा बदलली तर जुन्या नात्याला शेवटची तारीख टाकायची. ते पुसायचं नाही. पुढच्या वर्षी सभागृहासाठी शाळेत फोन करणाऱ्याला कळतं की आता तिथे आपली ओळख कुणाची नाही.

याच घराण्यातली आणखी एक सोय म्हणजे सॉफ्ट क्रेडिट. पैसे कंपनीच्या खात्यातून येतात, पण ते मिळवून दिलेले असतात तिथल्या एका माणसाने. देणगी कंपनीच्या नावावर, श्रेय त्या माणसाच्या नावावर, अशी नोंद होते. आभाराचं पत्र कुणाला जायला हवं यावरचे आमचे वाद त्यामुळे बंदच झाले. पत्ते एक्स्पोर्ट करताना एकाच पत्त्यावरची माणसं एकत्र करायचा पर्यायही आहे, म्हणजे एका घरात अंकाच्या चार प्रती जात नाहीत.

आता जुन्या याद्या आत आणण्याबद्दल. इथे घाई करू नका. इम्पोर्टचा पडदा तसा सरळ आहे: सीएसव्ही (एक्सेलमधून काढता येणारी साध्या मजकुराची फाइल) चढवायची, कुठला रकाना कुठल्या फील्डमध्ये हे जुळवायचं, ती जुळवणी पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायची. खरी मेहनत डुप्लिकेटांची. सिव्ही डुप्लिकेट ओळखतं ते नियमांवरून. प्रत्येक फील्डला वजन द्यायचं आणि एक मर्यादा ठरवायची. समजा ईमेलला १०, आडनावाला ७, पहिल्या नावाला ५ आणि मर्यादा २०. मग तिन्ही जुळलं तरच दोन नोंदी एकाच माणसाच्या मानल्या जातात. ईमेल आणि आडनाव जुळून १७ झाले तर नाही. हे गणित समजून न घेता इम्पोर्ट मारला तर एकतर डुप्लिकेट तशीच राहतात, नाहीतर एकच ईमेल वापरणारे नवरा-बायको एक होऊन बसतात. दुसरा प्रकार जास्त वाईट. दोन नोंदी मर्ज केल्या की एकीच्या देणग्या, हजेरी, पत्रव्यवहार सगळं दुसरीकडे जातं आणि रिकामी नोंद कचरापेटीत पडते. तिथून ती परत काढता येते, पण आधी कुणाचं काय होतं ते वेगळं करत बसावं लागतं.

मराठीत काम करणाऱ्यांना एक जास्तीचा त्रास आहे. तीच व्यक्ती एका यादीत देवनागरीत आणि दुसरीत रोमन लिपीत असते, आणि कुठलाही नियम या दोन नावांना जुळवू शकत नाही. यावर तोडगा म्हणजे नाव बाजूला ठेवून मोबाईल नंबर आणि ईमेलवर नियम बांधणं. त्यासाठी नंबर आधी एका साच्यात आणावे लागतात. हे काम एक्सेलमध्येच उरकून घ्यावं, आत आणल्यावर नको.

तर कार्यकर्ते. सिव्हीचा संपर्काचा पडदा उघडला की वर टॅबची रांग लागते: देणग्या, सभासदत्व, कार्यक्रम, ॲक्टिव्हिटी (फोन, भेटी अशा कामांच्या नोंदी), नाती, ग्रुप, टॅग, बदलांचा इतिहास. मला त्यात आनंद वाटतो. खजिनदारांनाही वाटू लागला. पण आठवड्यातून एक संध्याकाळ देणाऱ्या माणसाला, ज्याला फक्त 'फोन केला, त्या येणार आहेत' एवढंच लिहायचंय, तो पडदा म्हणजे शिक्षा आहे. आम्ही प्रशिक्षणं घेतली, छापील सूचना वाटल्या, आठवण करून देत राहिलो. फरक शून्य. लोक फोन करत होते, माणसं जोडत होते, आणि सगळं पुन्हा त्यांच्या वहीतच राहत होतं.

बदल झाला तो सर्चकिट आणि फॉर्मबिल्डर नीट हाताळायला लागल्यावर. ही दोन्ही साधनं सिव्हीबरोबरच येतात, वेगळी घ्यावी लागत नाहीत. सर्चकिटमध्ये हव्या त्या नोंदींची यादी बनवायची. फॉर्मबिल्डरमध्ये ती यादी किंवा एखादा छोटा फॉर्म एका साध्या पानावर मांडायचा. आमच्या फोन करणाऱ्यांना आता लॉगिन केल्यावर एकच पान दिसतं. त्यात त्यांच्या नावावर नेमलेले आणि अजून न झालेले फोन. ॲक्टिव्हिटीत नोंद कुणी केली, कुणाशी संबंधित आहे आणि कुणावर सोपवली आहे, हे तीन वेगळे रकाने असतात. त्यातल्या तिसऱ्यावर 'सध्या लॉगिन असलेली व्यक्ती' अशी चाळणी लावली की प्रत्येकाला आपापली यादी मिळते. यादीतल्या यादीतच स्थिती बदलता येते आणि दोन ओळी लिहिता येतात. दुसरं पान उघडायची गरजच पडत नाही.

शिबिराच्या दिवशीचा फॉर्म याहून लहान: नाव, नंबर, कुठल्या कामात मदत करायला आवडेल. बाकीचं, म्हणजे स्वयंसेवकाचा उपप्रकार आणि नोंद कुठून आली ते, फॉर्म स्वतः मागे भरतो. फॉर्म भरणाऱ्याला सगळ्या संपर्कांवर हक्क द्यावा लागत नाही. परवानगी फॉर्मपुरती ठेवता येते. मात्र सर्चकिटच्या यादीत परवानग्या बाजूला सारायचा एक पर्याय आहे, तो विचार करूनच वापरा. तो चालू असलेलं पान सगळ्यांना खुलं झालं तर देणगीदारांचे फोन नंबर जगासमोर जातील.

म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांना माझं सांगणं असं की कार्यकर्त्यांना सिव्ही शिकवू नका. त्यांना त्यांच्या कामापुरतं एक पान द्या आणि बाकीचं सॉफ्टवेअर त्यांच्या नजरेआड ठेवा. प्रशिक्षणावर जो वेळ जाणार आहे तो पानं बनवण्यात घाला. संस्थेच्या रोजच्या बोलण्यातले शब्द बटणांवर आणायचे असतील तर वर्ड रिप्लेसमेंट नावाची सोय आहे. 'काँट्रिब्युशन'च्या जागी 'देणगी' करायला पाच मिनिटं पुरतात.

बल्क मेलची बाजू भक्कम आहे, पण ती आपोआप चालत नाही. क्रॉन (सर्व्हरवरची कामं ठरलेल्या वेळी आपोआप चालवणारी सोय) ठरावीक वेळाने चालला नाही तर मेल रांगेतच पडून राहतात, आणि पडद्यावर 'शेड्युल्ड' असं शांतपणे लिहिलेलं दिसतं. नव्या लोकांचा पहिला फोन नेमका याच्यासाठी येतो. परत आलेले मेल मोजायला वेगळी मेलबॉक्स लागते. ती जोडली की बंद पडलेले पत्ते सिव्ही स्वतः बाजूला काढतं. एसपीएफ आणि डीकिम (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) नसतील तर उत्तम लिहिलेलं पत्रही स्पॅममध्ये जाईल, त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. अनसबस्क्राइबची लिंक आणि संस्थेचा पत्ता मेलमध्ये नसेल तर सिव्ही तो पुढे जाऊ देत नाही, ही सक्ती मला पटते. अनसबस्क्राइब म्हणजे त्या ग्रुपमधून बाहेर आणि ऑप्ट आउट म्हणजे सगळ्याच बल्क मेलमधून बाहेर, हा फरक संस्थेत सगळ्यांना माहीत असू द्या.

देवनागरी पावत्यांनी घाम काढला. सिव्ही पीडीएफ बनवायला मुळात डॉमपीडीएफ वापरतं, आणि त्याला आपली जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. वेलांट्या भलत्याच ठिकाणी जातात, 'र्‍य' आणि 'क्ष' फुटतात. सेटिंगमध्ये डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ या दुसऱ्या साधनाचा मार्ग देता येतो. सर्व्हरवर ते आणि चांगला देवनागरी फाँट बसवला की पावती वाचण्यासारखी येते. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर हे बसवू देतीलच असं नाही, तेव्हा होस्टिंग घेण्याआधी विचारून घ्या. एसएमएसचंही तसंच. रोमनमध्ये एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०.

हिशेबाबद्दल थोडक्यात: सिव्ही देणग्यांची नोंद चोख ठेवतं, पण ते हिशेबाचं सॉफ्टवेअर नाही. खजिनदारांचं नेहमीचं सॉफ्टवेअर तसंच राहू द्या आणि सिव्हीतून देणग्यांच्या बॅच (गठ्ठे) बनवून एक्स्पोर्ट करा. देणगीचे प्रकार ठरवायला मात्र खजिनदारांना पहिल्या दिवसापासून बसवा. पुढे हजारो नोंदींवरचा प्रकार बदलणं हे कुणालाच नको असतं.

सांभाळण्याबद्दल बोललंच पाहिजे. नवीन आवृत्ती दर महिन्याला येते, सुरक्षेच्या सूचना वेगळ्या. प्रत्येक आवृत्ती घ्यायलाच हवी असं नाही, पण वर्षभर मागे राहिलात तर एक्स्टेन्शन्स (वरून जोडलेल्या जास्तीच्या सोयी) एकमेकांशी भांडू लागतात. आधी चाचणीच्या प्रतीवर अपडेट, मग खऱ्यावर, आणि दोन्हींच्या आधी बॅकअप. चाचणीच्या प्रतीवरून मेल बाहेर जाणार नाहीत याची सोय आधी करा. तिथेही सगळ्या देणगीदारांचे खरे पत्ते असतात. एक्स्टेन्शन्स घेताना हात आखडता ठेवा. ज्याला काही महिन्यांत कुणी हात लावलेला नाही ते टाळा. फोनवर मूळ पडदे अवघड जातात, यादी आडवी सरकवत बसावं लागतं. आम्ही बनवलेली छोटी पानं मात्र फोनवर ठीक चालतात.

हे सगळं करायला संस्थेत एक माणूस लागतो. प्रोग्रामर असायलाच हवा असं नाही, पण त्याला नोंदींची शिस्त आवडली पाहिजे आणि ते काम त्याच्या वाट्याचं आहे हे कार्यकारिणीने मान्य केलं पाहिजे. कधीतरी जमेल तेव्हा बघू, असं उत्तर येणार असेल तर महिन्याची फी देऊन तयार सेवा घ्या, किंवा दोनेकशे नावांपर्यंत नीट ठेवलेली शीटच पुरते. नंतर मन बदललं तर जाण्याचा रस्ता खुला आहे. डेटाबेस तुमच्याच सर्व्हरवर असतो, सर्चकिटमधून काहीही स्प्रेडशीटमध्ये काढता येतं, आणि एपीआय चारच्या (डेटा मागवायच्या सोयीच्या चौथ्या आवृत्तीच्या) एक्सप्लोररमध्ये प्रश्न जुळवून बघता येतात, त्यासाठी कोड लिहावा लागत नाही.

आमच्याकडे सध्या 'प्लेज'चं काम चालू आहे, म्हणजे वर्षभर हप्त्याने देणगी देईन असं सांगणाऱ्यांच्या नोंदी. हप्ता जवळ आला की स्मरणपत्र आपोआप जातं, ते जमलंय. राहिलेल्या हप्त्यांची यादी फोन करणाऱ्यांच्या पानावर आणायची की नाही, यावर मतभेद आहेत. खजिनदारांना ती हवी आहे. फोन करणाऱ्यांचं म्हणणं असं की थकबाकी समोर दिसली की खुशाली विचारायला केलेला फोनही वसुलीचा होतो. तूर्त ती यादी फक्त खजिनदारांच्या डॅशबोर्डवर ठेवली आहे.