जुन्या लॅपटॉपमध्ये नवी एनव्हीएमई एसएसडी: आठ महिन्यांनंतर वेगाचा नाही, झोपेचा हिशेब

लॅपटॉप आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, बॅटरी ४८ वॅट-तासांची, आत ड्राइव्ह बसवायचा एक एम.२ स्लॉट, पीसीआयई ३.० या जोडणीच्या चार लेनचा, म्हणजे डेटाच्या चार वाटांचा. त्यात मुळात २५६ जीबीची साटा, म्हणजे जुन्या, संथ जोडणीची एसएसडी होती. ती काढून १ टीबीची, टीएलसी प्रकारची (एका पेशीत तीन बिट), स्वतःची डीरॅम (मेमरी चिप) नसलेली एनव्हीएमई, म्हणजे पीसीआयईवरून चालणारी ड्राइव्ह बसवली, त्याला आता आठ महिने झाले. वेगाबद्दल तक्रार नाही, पण फार कौतुकही नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो तो साटावरून एनव्हीएमईवर येताना जाणवत नाही. मोठ्या फाइली हलवताना दिसतो, ब्राउझर उघडताना जेमतेम. खरा बदल होतो तो जागेत आणि बॅटरीत, आणि बॅटरीतला बदल चांगलाच असेल असं नाही. ड्राइव्ह नीट झोपली, म्हणजे काम नसताना नगण्य वीज खाणाऱ्या अवस्थेत गेली, तर बॅटरी पूर्वीइतकी किंवा जास्त टिकते. नाही झोपली तर दीड-दोन तास कुठे गेले ते कळतही नाही.

खरेदी करताना खोक्यावरचा ५००० किंवा ७००० एमबीचा आकडा बाजूला ठेवावा. ३.० च्या चार लेनमधून सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपासच डेटा जातो, दोनच लेन असतील तर त्याच्या निम्मा. ४.० ची ड्राइव्ह अशा स्लॉटमध्ये बिनतक्रार चालते, फक्त ३.० च्या वेगाने. डीरॅम नसलेली ड्राइव्ह लॅपटॉपच्या मुख्य मेमरीतला थोडा भाग, साधारण ३२ ते १२८ एमबी, पत्त्यांचा तक्ता (कोणता डेटा कुठे आहे याची नोंद) ठेवायला वापरते. रोजच्या कामात याचा त्रास होत नाही, उलट ड्राइव्हवरची एक चिप कमी झाल्याने तेवढी वीज वाचते. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट ठेवणारी ड्राइव्ह) मात्र टाळलेली बरी. तिचा एसएलसी कॅश, म्हणजे लिहिताना आधी भरणारी वेगवान जागा, संपला की लिहिण्याचा वेग साटापेक्षाही खाली येऊ शकतो, आणि मग ड्राइव्ह जास्त वेळ जागी राहते.

लेबलवर ‘३.३ व्होल्ट, २.५ अँपिअर’ असं काहीतरी छापलेलं असतं. गुणाकार केला की ८.२५ वॅट येतात आणि माणूस घाबरतो. तो आकडा ड्राइव्ह जास्तीत जास्त किती ओढू शकेल याचा आहे, रोज किती खाते याचा नाही. रोजचं खाणं बघायचं तर ड्राइव्हचा पॉवर स्टेटचा, म्हणजे विजेच्या पायऱ्यांचा, तक्ता बघावा. लिनक्सवर एनव्हीएमई-सीएलआय किंवा स्मार्टसीटीएल हे टर्मिनलमधलं साधन तो दाखवतं. एका प्रचलित ड्राइव्हचा तक्ता असा आहे: शून्य क्रमांकाच्या स्टेटला ६.२ वॅट, एकला ४.३, दोनला २.१. या तिन्हींत ड्राइव्ह कामावर असते. तीन क्रमांकाला ४० मिलिवॅट आणि चारला फक्त ५ मिलिवॅट. या दोन झोपेच्या पायऱ्या. तिसरीतून उठायला १.२ मिलिसेकंद लागतात, चौथीतून ८.

आता हिशेब करू. पडदा चालू, हातात काम नाही, अशा वेळी सगळा लॅपटॉप मिळून ५ वॅट खात असेल तर ४८ ला ५ ने भागून ९ तास ३६ मिनिटं येतात. ड्राइव्ह झोपलीच नाही आणि १ वॅटवर अडकून बसली, तर ६ वॅट झाले आणि बॅटरी ८ तासांवर आली. दिवसातला बहुतेक वेळ ड्राइव्ह रिकामीच असते, त्यामुळे काम करताना ती ३ वॅट खाते की ५, याने बॅटरीला फारसा फरक पडत नाही.

पण हा १ वॅटसुद्धा अर्धीच गोष्ट. ड्राइव्ह आणि प्रोसेसर यांच्यामधली पीसीआयई लिंकही झोपावी लागते. तिच्या झोपेला एएसपीएम म्हणतात आणि तिची सगळ्यात खोल पायरी एल१.२. ड्राइव्ह स्वतः झोपली पण लिंक जागी राहिली, तर प्रोसेसरचं पूर्ण पॅकेज, म्हणजे अख्खी चिप, सी८ किंवा सी१० सारख्या खोल अवस्थेत जात नाही, सी२-सी३ वरच घुटमळतं. मग वीज प्रोसेसरची जाते आणि दोष कुणालाच लागत नाही. लिनक्सवरच्या पॉवरटॉप या विजेचा हिशेब दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘आयडल स्टॅट्स’ पानावर पॅकेजचा रकाना असतो. तिथे खोल अवस्थांपुढे शून्य टक्के दिसले की आधी लिंककडे बघावं. ड्राइव्ह बदलल्यावर बॅटरी उतरली असं म्हणणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडलेली असते.

बसवण्याआधी स्लॉट तपासणं आलं. एम.२ हा फक्त आकार आहे. आतून साटा येते की पीसीआयई की दोन्ही, हे लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघावं. साटा ड्राइव्हला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एकच, एम खाच. एम खाचेच्या स्लॉटमध्ये दोन्ही बसतात, पण बसली म्हणजे चालेलच असं नाही. त्यात जुन्या बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमला) एनव्हीएमईवरून बूट करताच येत नसेल, तर ड्राइव्ह दिसेल आणि सिस्टिम मात्र सुरू होणार नाही. ड्राइव्हच्या मापातलं २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. पातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजूंना चिप असलेली ड्राइव्ह घेऊ नये, कारण खालचं झाकण पूर्ण बसत नाही आणि बोर्ड वाकतो.

बॅटरी आधी तोडायची. काही बायोसमध्ये अंतर्गत बॅटरी बंद करण्याचा पर्याय असतो, नसेल तर झाकण काढल्यावर बॅटरीचा कनेक्टर नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचलावा. चार्जर काढला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत स्लॉटमध्ये ३.३ व्होल्ट असू शकतात. नवी ड्राइव्ह साधारण ३० अंशांच्या तिरक्या कोनात सरकवायची. सोनेरी पट्ट्यांची जेमतेम कड बाहेर दिसेपर्यंत ती आत गेली पाहिजे. मग दाबून आडवी करायची आणि स्क्रू लावायचा. बहुतेक ठिकाणी तो एम२ मापाचा, म्हणजे २ मिलिमीटर जाड, आणि ३ मिलिमीटरच्या आसपास लांब असतो. त्याचं डोकं फार लवकर झिजतं, तेव्हा स्क्रूड्रायव्हरचं टोक बरोबर मापाचं घ्यावं. ड्राइव्ह दाबून धरताना हात चिपांवर न ठेवता टोकाच्या रिकाम्या पट्टीवर ठेवावा. लेबल सोलून काढू नये. अनेक ड्राइव्हवर ते उष्णता पसरवण्याचंही काम करतं आणि वॉरंटी त्याच्यावरच लटकलेली असते. जुन्या ड्राइव्हवर थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) असेल तर तो नव्यावर घ्यावा, फाटला असेल तर तेवढ्याच जाडीचा लावावा. जाड पॅड कोंबला की पुन्हा तेच, बोर्ड वाकतो.

क्लोन करण्यात, म्हणजे जुन्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत नव्यावर काढण्यात, कौशल्य कमी, विसराळूपणाचे घोळ जास्त. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो तात्पुरता स्थगित करावा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. याच लॅपटॉपवर ठेवलेली की उपयोगाची नाही. क्लोननंतर सी ड्राइव्ह मोठी होत नसेल तर तिच्यापुढे बसलेलं रिकव्हरी पार्टिशन वाटेत असतं, ते शेवटी सरकवावं लागतं. क्लोन केलेल्या दोन्ही ड्राइव्ह एकाच वेळी जोडून पहिलं बूट करू नये, दोघींची ओळख सारखीच असल्याने सिस्टिम चुकीची धरू शकते. बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी किंवा रेड (ड्राइव्ह एकत्र हाताळणाऱ्या) मोडवर असेल तर लिनक्सला एनव्हीएमई दिसत नाही. एएचसीआय या साध्या मोडवर जायचं असेल तर विंडोजला आधी सेफ मोडमध्ये बूट होण्याची सूचना द्यावी, मग बायोस बदलावं, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्यावं आणि सूचना काढून टाकावी. हा क्रम चुकला की निळा पडदा ठरलेला.

विंडोजवर सेटिंग फार करावं लागत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्स्प्रेसच्या खाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट असतं, बॅटरीवर ते ‘मॅक्सिमम’ ठेवावं. काही लॅपटॉपवर ही ओळच लपलेली असते. विंडोजच्या पॉवरसीएफजी या आदेशाचा बॅटरी रिपोर्ट आठवड्यातून एकदा काढून ठेवला की बदलाआधीचे आणि नंतरचे दिवस शेजारी ठेवून बघता येतात. झाकण बंद असताना बॅटरी उतरत असेल तर पॉवरसीएफजीचा स्लीप स्टडी बघावा; अर्थात, तो मॉडर्न स्टँडबाय, म्हणजे फोनसारखी हलकी झोप, असलेल्या मशीनवरच मिळतो.

लिनक्सवर कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) ४.११ आवृत्तीपासून ड्राइव्हला आपोआप झोपायला सांगण्याची सोय आली, तिला एपीएसटी म्हणतात. ती चालू आहे का हे एनव्हीएमई-सीएलआयमधून फीचर क्रमांक १२ वाचून कळतं. एएसपीएमचं धोरण ‘डीफॉल्ट’ असेल तर बायोसने ठरवलं तेच चालतं, ‘पॉवरसेव्ह’ केलं की एल१, आणि ‘पॉवरसुपरसेव्ह’ केलं की एल१.२ पर्यंत. एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारू नये, आधी ‘पॉवरसेव्ह’वर आठवडाभर चालवून बघावं. साटा ड्राइव्हच ठेवणाऱ्यांसाठी लिंकचं धोरण ‘मेड पॉवर विथ डीआयपीएम’ हे सगळ्यात सुरक्षित. ‘मिन पॉवर’ने जुन्या ड्राइव्हवर डेटा बिघडल्याच्या तक्रारी आहेत.

या सगळ्यात जे बिघडतं त्याचं रूप एकच असतं. लॅपटॉप पाच-दहा मिनिटं रिकामा राहतो. परत आल्यावर माउस हलतो, उघडी खिडकी दिसते, पण नवं काहीही उघडत नाही. मग सगळं थिजतं. बटण दाबून बंद करून पुन्हा सुरू केलं की लॉगमध्ये काहीच नाही. नसणारच, कारण लॉग ज्या ड्राइव्हवर लिहायचा तीच गायब झाली होती. टर्मिनल आधीपासून उघडं ठेवून त्यात कर्नलचे संदेश वाहते ठेवले, तरच ‘कंट्रोलर इज डाउन’ ही ओळ पकडता येते. ड्राइव्ह खोल झोपेत गेली आणि तिथून उठली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी झोप पूर्ण बंद करण्याची घाई नको. कर्नलला देण्याचा ‘डीफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी’ हा पॅरामीटर मायक्रोसेकंदांत असतो आणि कर्नल त्याची तुलना उठायला लागणाऱ्या वेळेशी करतो. वरच्याच तक्त्यात तिसरी पायरी १२०० मायक्रोसेकंदांची. चौथी ८००० ची. पॅरामीटर ५५०० ठेवला की तिसरी राहते, चौथी बंद होते. ५ ऐवजी ४० मिलिवॅट जातात, म्हणजे बॅटरीच्या हिशेबात काहीच नाही, आणि थिजणं थांबतं. शून्य ठेवलं तर दोन्ही पायऱ्या जातात आणि तो १ वॅट परत येतो. लोक सर्रास शून्य सुचवतात. तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

मोजायचं तर शिस्तीने. चार्जर काढलेला, पडद्याचा उजेड ठरावीक, वाय-फाय चालू, सगळे प्रोग्रॅम बंद, आणि पंधरा मिनिटं वाट. पहिल्या पाच मिनिटांत पार्श्वभूमीची कामं चालू असतात, ती मोजण्यात अर्थ नाही. लिनक्सवर बॅटरीच्या फोल्डरमधली ‘पॉवर नाऊ’ ही फाइल मायक्रोवॅटमध्ये आकडा देते. काही लॅपटॉपवर ती नसते, तिथे करंट आणि व्होल्टेजचा गुणाकार करावा. ड्राइव्हचं तापमान दर सेकंदाला विचारणारं विजेट आधी काढून टाकावं, बऱ्याच ड्राइव्ह त्या विचारण्यानेच जाग्या राहतात. झोपमोड करणारे दुसरे म्हणजे बारीक बारीक लिहिणारे प्रोग्रॅम. फायरफॉक्स दर १५ सेकंदांनी सत्र जतन करतो, तो अवधी वाढवता येतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमची कमिटची, म्हणजे साठलेले बदल ड्राइव्हवर उतरवण्याची, मुदत ५ सेकंद असते, ती ३० केली की फरक पडतो. मोबदल्यात अचानक वीज गेली तर शेवटच्या ३० सेकंदांचं काम जाऊ शकतं.

आठ महिन्यांत झिजेची काळजी करण्यासारखं काही नाही. स्मार्टच्या, म्हणजे ड्राइव्हच्या स्वतःच्या प्रकृतीच्या, तक्त्यातला ‘डेटा युनिट्स रिटन’ हा आकडा ५,१२,००० बाइटच्या एककात असतो. १ कोटी युनिट दिसले तर ५.१२ टीबी लिहून झाले. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हची हमी बहुधा ६०० टीबीच्या आसपास असते, तेव्हा सोडून द्यावं. त्याच तक्त्यातल्या ‘अनसेफ शटडाउन्स’वर मात्र नजर ठेवावी. प्रत्येक वेळी झाकण मिटल्यावर तो एकने वाढत असेल, तर ड्राइव्हला न सांगता तिची वीज तोडली जातेय, आणि ते फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम) किंवा बायोसच्या अपडेटने सुटू शकतं. ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवणं, आठवड्यातून एकदा आपोआप होतं. लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ट्रिमची परवानगी वेगळी द्यावी लागते. ती दिली नाही की काही महिन्यांनी लिहिण्याचा वेग घसरतो आणि दोष ड्राइव्हला जातो. ड्राइव्ह ८५ टक्क्यांच्या वर भरू देऊ नये, कारण एसएलसी कॅश मोकळ्या जागेतूनच बनतो.

फर्मवेअरचं अपडेट आलं तर ते बॅकअप घेऊन, चार्जर लावून करावं. त्यानंतर वर सांगितलेला पॅरामीटर काढून चौथी पायरी पुन्हा एकदा तपासावी. थिजण्याचा दोष कित्येकदा फर्मवेअरमध्येच असतो आणि अपडेटने जातो. तपासायला दोन दिवस पुरतात, फक्त त्या दोन दिवसांत टर्मिनल उघडं ठेवायचं.