चांदबीबी महाल, अहिल्यानगर: नाव तिचं, कबर सलाबतखानाची

महाल: पाचपैकी तीन तारे. भुईकोट किल्ला: चार.

मोगलांशी लढलेल्या चांदबीबीसाठी म्हणून नगरला येणारे बहुतेक जण आधी पाथर्डी रस्त्याने बारा-तेरा किलोमीटरवरच्या डोंगरावर जातात आणि तिथेच फसतात. ज्याला सगळे ‘महाल’ म्हणतात ती नगरचा सुलतान मुर्तझा निजामशहा याचा वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. चांदबीबीचा या इमारतीशी संबंध फक्त नावापुरता. इमारत मात्र झकास आहे: अष्टकोनी, तीन मजली, दगडी, कमानींच्या सज्जांची. वर गाडी जाते. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, दगड तापतो. पाणी सोबत घ्या. आत भिंतींवर कोरलेले बदाम आणि नावं पाहून डोकं फिरतं, त्याला इलाज नाही. संध्याकाळचं ऊन आणि भन्नाट वारा यांसाठी तीन तारे.

खरी चांदबीबी शहरातल्या भुईकोट किल्ल्यात आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे मूळ ओळखपत्र लागतं, फोटोआधी विचारावं लागतं, आणि प्रवेश चालू आहे का याची चौकशी आदल्या दिवशीच केलेली बरी. तट जवळपास गोल, घेर सुमारे १.७ किलोमीटर, भोवती रुंद खंदक. खंदकाच्या काठाने सावकाश चाला. फक्त नेहरू कैदेत होते ती कोठडी बघून परत फिरणाऱ्यांचं निम्मं बघायचं राहतं.

माहितीफलकांवर विसंबू नका, घटनाक्रम घरून वाचून जा. चांदबीबी ही हुसेन निजामशहाची मुलगी आणि विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५८० मध्ये अलीचा खून झाला, तेव्हा तिने नऊ वर्षांच्या पुतण्याच्या, इब्राहिमच्या नावाने कारभार पाहिला. मधल्या काळात विजापूरचा सरदार किश्वरखान याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं होतं, हे फार कोणी सांगत नाही. १५९५ मध्ये नगरचा सरदार मिया मंजू याने मोगलांना बोलावण्याची घोडचूक केली आणि अकबराचा मुलगा शहजादा मुराद नगरवर आला. चांदबीबी तोवर माहेरी नगरला परतली होती आणि आता भावाच्या नातवाची, बालक बहादूरची, पालक होती.

मोगलांनी तटाखाली पाच सुरुंग पेरले. बातमी फुटली, दोन आतून शोधून दारू काढून घेतली, तिसरा काढता काढताच उडाला. सुमारे पन्नास गज तट कोसळला. ती बुरखा घालून, नंगी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. रात्रभरात भिंत पुन्हा काही हात वर आली. दारूगोळा संपल्यावर सोन्याचांदीच्या गोळ्या झाडल्याची कथा गाइड रंगवून सांगतात. ऐका, पण भिंत रातोरात कशी उभी केली हेही त्यांना विचारा. लढा टिकला तो त्या कामामुळे. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला.

१६०० मध्ये मोगल शहजादा दानियालचा वेढा पडला, तेव्हा किल्ला तगणार नाही हे ओळखून ती बोलणी करत होती. तिच्याच बाजूच्या हमीदखानाने ‘बीबी फितूर झाली’ अशी आवई उठवली आणि जमावाने तिला किल्ल्यातच मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला, बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

वेळ अर्धाच दिवस असेल तर सकाळी किल्ला करा. डोंगर राहिला तरी चालेल.